पिंजरा आवडला नाही, असं म्हणायचं की नाही?

ताई, नमस्कार.

मी २६ वर्षांची आहे, चिंचवडला राहते, एका औषध कंपनीत नोकरी करते. आमच्या सोसायटीत आम्ही सात-आठ जण दर रविवारी संध्याकाळी कुणाच्या तरी घरी जमतो आणि टीव्हीवर जुना मराठी सिनेमा बघतो. नंतर चहा आणि गप्पा. वयाने मी सगळ्यांत लहान. दोन महिन्यांपूर्वी 'पिंजरा' लावला होता. संपल्यावर सगळ्यांना विचारलं तसं मलाही विचारलं. मी म्हणाले, मला तो फार लांबल्यासारखा वाटला, आणि सगळं पाप त्या नाचणारीच्या माथी मारलंय हे पटलं नाही. खालच्या मजल्यावरचे काका एकदम चिडले. ते आता सत्तरीचे आहेत, ३६ वर्षं शाळेत मास्तर होते. म्हणाले, "आम्ही हा पिक्चर चार वेळा थेटरात पाहिलाय. तुम्हाला रील बघायची सवय, तुम्हाला काय कळणार यातलं?" पुढच्या रविवारी सिनेमा निवडायची पाळी माझी होती. मी 'एक होता विदूषक' लावला. मला रडू आवरेना. बाकीचे मात्र लक्ष्याचा सिनेमा म्हणून हसायच्या तयारीने बसले होते. शेवटी एक जण म्हणाले, "लक्ष्याने हे कशाला केलं?" काका तर मध्येच उठून गेले, ते त्यानंतर आलेच नाहीत. मी जाते, पण तोंड उघडत नाही. मी सिनेमाचा अभ्यास केलेला नाही. मला फक्त बघायला आणि त्यावर बोलायला आवडतं. अभ्यास नसताना मत द्यावं का? काकांची माफी मागू का? माझं चुकलं असं मला वाटत नाही, पण त्यांची रिकामी खुर्ची बघवत नाही.

अबोल, चिंचवड

प्रिय अबोल,

तुझं पत्र वाचून झाल्यावर मी कागदावर ती दोन नावं एकाखाली एक लिहिली. पिंजरा, १९७२. एक होता विदूषक, १९९२. तुला ही दोन वेगळी भांडणं वाटतायत. मला त्यात तुझं एकच मत दिसतं, आणि ते विचार करण्यासारखं मत आहे.

दोन्ही सिनेमे तमाशाचे. पिंजऱ्यात तमाशा बाहेरून गावात येतो. गाव गुरुजींनी घडवलेलं आहे, आणि फड उतरला की त्या घडणीला धोका. सिनेमा उभा आहे तो गुरुजींच्या बाजूला. नाचणारी चंद्रकला आपल्याला दिसते ती त्यांना दिसेल तशी: आधी संकट, मग मोह, मग पश्चात्ताप. विदूषकात उलटं आहे. नायक आबुराव फडातच जन्मलेला. तंबू त्याचं घर आहे, ढोलकी ऐकत तो झोपतो, आणि बोर्डावर नाचणारी बाई त्याची आई आहे. त्याची पडझड सुरू होते ती फडाबाहेर पडल्यावर, सिनेमाच्या पैशात आणि राजकारणाच्या संगतीत. म्हणजे एका सिनेमात तमाशामुळे माणूस बिघडतो आणि दुसऱ्यात तमाशा सुटल्यामुळे. तुला पहिला खटकला आणि दुसऱ्याने रडवलं, ते उगीच नाही. फडातल्या बाईकडे आतून बघणारा सिनेमा तुला हवा होता. एका रविवारी तो मिळाला नाही, पुढच्या रविवारी मिळाला. हे तुला तेव्हा नीट मांडता आलं नाही, कारण तुझी दोन वाक्यं होताच आवाज चढले आणि पुढचं तोंडातच राहिलं.

आता अभ्यासाचं. याचं उत्तर मला एका हरवलेल्या सिनेमावरून द्यायचंय.

१९२५ साली कोल्हापुरात बाबूराव पेंटरांनी 'सावकारी पाश' नावाचा मूकपट केला. सावकाराच्या कर्जात जमीन जाते आणि शेतकरी शहराकडे ढकलला जातो, अशी ती गोष्ट. त्यातल्या तरुण शेतकऱ्याचं काम केलं होतं व्ही. शांतारामांनी, ज्यांनी पुढे ४७ वर्षांनी तुझा पिंजरा काढला. देवदेवतांचे आणि राजामहाराजांचे चित्रपट निघत होते त्या दिवसांत झोपडीतल्या माणसाचा सिनेमा. आज तो कुठेच बघायला मिळत नाही. आपल्या बहुतेक मूकपटांचं हेच झालं. पण त्यातलं एक दृश्य मला ठाऊक आहे. तो पाहिलेल्या जे. बी. एच. वाडियांनी, म्हणजे पुढे वाडिया मूव्हीटोन ही चित्रपट कंपनी काढणाऱ्या वाडियांनी, पुष्कळ वर्षांनी आठवण सांगितली: मंद उजेडातली एक उदास झोपडी, आणि विव्हळणारं कुत्रं. बस, एवढंच. सिनेमा मुका होता, कुत्र्याला आवाज नव्हताच. तरी पाहणाऱ्याच्या आठवणीत ते विव्हळत राहिलं. सिनेमाची पट्टी गेली, पण कुणीतरी सहज सांगून ठेवलेलं हे एक दृश्य टिकलं.

वाडियांनी तिथे सिनेमाला गुण दिले नाहीत, तो थोर की सामान्य याचा निकाल केला नाही. डोळ्यांना काय दिसलं ते सांगितलं. माझ्या मते जुन्या, विस्मरणात गेलेल्या सिनेमांवर बोलायला एवढी पात्रता पुरते. काय दिसलं ते सांगता आलं पाहिजे.

माझी आई चौथीपर्यंत शिकलेली. जत्रेत तंबू टॉकीज आलं की ती आणि आळीतल्या बायका एखादा खेळ बघून यायच्या. भालजी पेंढारकरांचा 'साधी माणसं' १९६५ चा, आमच्याकडे तो बहुधा वर्षा-दोन वर्षांनी आला असेल. दुसऱ्या दिवशी ओट्यावर तांदूळ निवडताना ज्यांनी पाहिला नव्हता त्यांना आई सिनेमा सांगत होती. गोष्ट तिने सांगितलीच नाही. म्हणाली, "लोहाराची बायको केलीय ना, ती भात्यापाशी बसलेली खोटी वाटत नाही. आपल्यातली वाटते." जयश्री गडकर हे नावसुद्धा तिने घेतलं नाही. पुष्कळ वर्षांनी मी तो सिनेमा पाहिला, तेव्हा 'ऐरणीच्या देवा' सुरू झालं आणि माझी नजर आधी भात्याकडे गेली. त्या गाण्याची चाल आनंदघन या नावाने लता मंगेशकरांनी केलेली आहे, हे मला वाचून कळलं. भात्याकडे बघायचं ते मात्र आईमुळे कळलं. दोन्ही माझ्या कामाचं आहे, आणि यातलं कुठलं आधी यावं असा काही नियम नाही.

तुझ्यासारखी गप्प मीही बसले होते, म्हणून हे सगळं जरा पोटतिडकीने लिहितेय. कॉलेजात असताना एका फिल्म सोसायटीत 'जैत रे जैत' दाखवला. चर्चेच्या वेळी मी उभी राहिले आणि म्हणाले की यात गाणी फार आहेत, गोष्ट पुढे सरकतच नाही. समोरच्या रांगेतले एक गृहस्थ मागे वळून म्हणाले, "बाई, आधी वाचून या." मी बसले. त्यानंतर तीन-चार वर्षं त्या सभागृहात मी एक शब्द बोलले नाही. पुढे केव्हातरी लक्षात आलं की त्या सिनेमात गाणी गोष्टीला थांबवत नाहीत, गोष्ट गाण्यांतूनच चालते. गो. नी. दांडेकरांची ठाकरांवरची कादंबरी, ती जब्बार पटेलांनी महानोरांच्या शब्दांवर आणि हृदयनाथांच्या चालींवर उभी केली. म्हणजे त्या गृहस्थांकडे सांगण्यासारखं होतं. ते त्यांनी दोन वाक्यांत सांगितलं असतं तर मला त्याच संध्याकाळी कळलं असतं. मला वर्षं लागली, कारण मी विचारायचंच सोडून दिलं होतं. आणि तरीही, मी जे पाहिलं ते खोटं नव्हतं. गाणी खरंच पुष्कळ आहेत. त्यावरून मी जो निष्कर्ष काढला तो कच्चा होता, आणि कच्चा निष्कर्ष पिकायला तो चार माणसांत बोलून दाखवावा लागतो.

म्हणून अभ्यास होईपर्यंत थांबू नकोस. वाचायचं ते सिनेमा पाहून झाल्यावर वाच, तेव्हा ते मनाला लागतं. तू चिंचवडची, तुला तर पुणं जवळ. लॉ कॉलेज रोडवर राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आहे, १९६४ पासून. तिथे खेळ होतात, त्यावर लक्ष ठेव आणि तुमच्यातल्या दोघा-चौघांना घेऊन जा. टीव्हीवर पाहिलेला जुना सिनेमा आणि अंधारात मोठ्या पडद्यावर पाहिलेला तोच सिनेमा, यांत फार अंतर असतं.

आता तुझ्या वाक्याकडे येते, कारण तिथे मला तुला थोडं टोकायचंय. "फार लांबल्यासारखा वाटला" हे तू म्हणालीस त्यातलं सगळ्यांत कमजोर. लांबला तो कुठे? कुठल्या गाण्यानंतर तुझं लक्ष उडालं? तेवढं सांगितलं असतंस तर काकांना उत्तर देता आलं असतं. "लांबला" एवढ्यावर माणूस चिडण्यापलीकडे काय करणार? दुसरं वाक्य, सगळं पाप तिच्या माथी मारल्याचं, ते वजनदार होतं. पण ते लांबल्याच्या मागोमाग आलं, आणि काकांच्या कानात पहिलंच राहिलं. यापुढे आधी दृश्य सांग, मग तुला काय वाटलं ते सांग. "ती अमुक ठिकाणी हसते ना, तिथे मला असं वाटलं..." अशी सुरुवात झाली की ऐकणारा आपोआप ते दृश्य आठवायला लागतो. आठवत असलेला माणूस लगेच भांडत नाही.

रील बघायच्या सवयीचं जे काका बोलले ते अन्यायाचं होतं. रविवारची संध्याकाळ काढून अडीच-तीन तास जुना सिनेमा बघत बसणाऱ्या मुलीला हे ऐकावं लागू नये. तू त्याची माफी मागायची नाहीस. मताचीही नाही.

पण तू त्यांना एक गोष्ट विचारली नाहीस, आणि तुझ्या पत्रातच ती लिहिलेली आहे. काका ३६ वर्षं मास्तर होते.

पिंजरा एका मास्तराची गोष्ट आहे. गावाने ज्याला देवासारखं मानलं तो घसरतो, आणि मग अशी वेळ येते की त्याच्या कपड्यांतलं एक प्रेत बघून गाव त्यालाच मेलेला समजतं आणि त्याचा पुतळा उभारतं. शेवटी स्वतःच्याच खुनाबद्दल तो फासावर जातो, आणि आपण कोण हे सांगत नाही. सांगितलं तर पुतळा पडेल. या सिनेमाचा सांगाडा १९३० च्या 'द ब्लू एंजल' या जर्मन चित्रपटाशी जुळतो. तिथेही एक प्राध्यापक गाणाऱ्या बाईपायी स्वतःची माती करून घेतो. पण तिथे पुतळा नाही. पुतळा आपल्याकडचा. मोठ्या माणसाला चौथऱ्यावर चढवायचं आणि मग त्याला खाली उतरायची परवानगी द्यायची नाही, ही आपली सवय त्यात आली, आणि माझ्या मते पिंजऱ्याचं खरं बळ तिथे आहे. गुरुजी झालेल्या डॉ. श्रीराम लागूंचा तो फासाकडे जाणारा माणूस मला आजही अस्वस्थ करतो. तू हे पाहिलंस का? चंद्रकलेवरच्या अन्यायाने तुला इतका राग आला की बाकीचं दिसलं नसेल, तर त्यात वावगं काही नाही. पण परत पाहशील तेव्हा बघ.

आणि आता काकांच्या जागी बसून बघ. आज सत्तरीचे म्हणजे १९७२ साली ते अठराच्या आसपास. ते दुष्काळाचं वर्ष. गावोगाव रोजगाराची कामं चालू होती, शिकलेली पोरंही खडी फोडायला जात होती. त्या दिवसांत चार वेळा तिकिटाचे पैसे काढून एका मुलाने हा सिनेमा पाहिला, आणि पुढे तो मास्तर झाला. ३६ वर्षं गावातून किंवा गल्लीतून जाताना लोक त्याला "गुरुजी, नमस्कार" म्हणत राहिले असतील. मी अंदाजाने लिहितेय, तुझे काका मला ठाऊक नाहीत. पण मला वाटतं पिंजरा त्यांच्यासाठी नुसता सिनेमा नाही. शिक्षकाला मनात कुठेतरी कायम एक धाक असतो, की लोक मला समजतात तेवढा मी आहे का. तो धाक त्यांनी अठराव्या वर्षी पडद्यावर पाहिला. तू म्हणालीस, पटलं नाही. त्यांना ते कुठे लागलं असेल ते तुझ्या लक्षात येतंय ना?

म्हणून रविवारची वाट बघू नकोस. आठवड्यात एका संध्याकाळी खाली जा, एकटीच. चार माणसांसमोर झालेलं चार माणसांसमोर मिटवायचं म्हटलं की दोन्ही बाजूंना मान राखण्याची काळजी पडते. पिंजऱ्यावर वाद घालू नकोस. इतकंच विचार: "काका, तुम्ही पहिल्यांदा पिंजरा कुठे पाहिला? बरोबर कोण होतं?" आणि मग गप्प राहून ऐक. थिएटरचं नाव येईल, बरोबरच्या मित्राचं नाव येईल, कदाचित तो मित्र आता नसेल. ते सगळं ऐकून झाल्यावर, त्यांनी विचारलं तर, तुझं मत परत सांग, बदलू नकोस. म्हण, "मला अजून वाटतं की चंद्रकलेला न्याय मिळाला नाही. पण गुरुजींचं मी नीट पाहिलं नव्हतं." हे खरं असेल तरच म्हण. खोटं बोललीस तर मुलांच्या वह्या तपासण्यात ३६ वर्षं घालवलेल्या माणसाच्या ते लगेच लक्षात येईल.

मग त्यांना 'कुंकू' बघायचं आमंत्रण दे.

हे मी मुद्दाम सुचवतेय. कुंकू १९३७ चा, प्रभात फिल्म कंपनीचा, आणि दिग्दर्शक तेच, शांताराम. ना. ह. आपट्यांच्या कादंबरीवरचा. नीरा नावाच्या मुलीचं लग्न फसवून एका म्हाताऱ्या विधुर वकिलाशी लावून दिलं जातं, आणि ती त्याला नवरा मानायला सरळ नकार देते. घरात राहते, पण मान तुकवत नाही. शांता आपट्यांची नीरा बघ, ती रडून दाखवत नाही, ती उलट बोलते. आणि केशवराव दात्यांचा तो म्हातारा खलनायक नाही, हेही बघ. आपण केलं ते पाप होतं हे त्याला हळूहळू कळत जातं आणि तो त्याखाली मोडत जातो. त्याच्या मोठ्या, समाजकार्य करणाऱ्या मुलीचं काम शकुंतला परांजप्यांनी केलंय, त्याच ज्यांनी कुटुंबनियोजनाच्या कामाला आयुष्य दिलं. पडद्यावरची बाई जे बोलते तेच बाहेरही जगणारी.

आणखी एक. कुंकूला पार्श्वसंगीत नाही. दुःखाच्या प्रसंगाला व्हायोलिन नाही, रागाला ढोल नाही. घरातले आवाज, रस्त्यावरचे आवाज, घड्याळाचे टोले. पहिली वीस मिनिटं तुमच्यापैकी कुणालातरी तो संथ वाटेल. कान एकदा जुळले की मग घड्याळाचा एक टोलाही अंगावर येतो. कुणी "लांबला" म्हणालं तर रागावू नका, त्याला विचारा की आवाज ऐकत होतास का.

आता काकांपुढे तो प्रश्न ठेव, जो मलाही इतकी वर्षं पडलेला आहे. ज्या माणसाने १९३७ साली नीरेच्या बाजूने उभं राहून अख्खा सिनेमा काढला, तोच १९७२ साली चंद्रकलेच्या बाजूने का उभा राहिला नाही? लग्नाच्या बाईला एक न्याय आणि फडावरच्या बाईला दुसरा, असं काही होतं का? की ३५ वर्षांत माणूस बदलला? की पिंजऱ्याला चंद्रकलेशी कर्तव्यच नव्हतं, त्याला पुतळ्याबद्दल बोलायचं होतं? मला यातलं तिसरं अधिक खरं वाटतं, पण खात्री नाही. यावर तू आणि काका दोन तास बोललात तर तुमचा रविवार परत रुळावर आला असं समज.

कुंकू झाल्यावर कधीतरी अनंत माने यांचा 'सांगत्ये ऐका' लावा, १९५९ चा. 'बुगडी माझी सांडली गं' सगळ्यांना येतं, सिनेमा मात्र तुझ्या वयाच्या फार थोड्यांनी पाहिलेला असतो. तमाशापटांची जी लाट पुढे आली ती त्याच्यामागोमाग. त्यात हंसा वाडकर आहेत. त्यांनी पुढे स्वतःचं आयुष्य सांगितलं तेव्हा पुस्तकाला हेच नाव दिलं, आणि त्या पुस्तकावरून श्याम बेनेगलांनी 'भूमिका' केला. फडावरच्या बाईकडे आतून बघायची जी तुझी ओढ आहे ना, तिला हा रस्ता फार लांबपर्यंत नेईल. तमाशाचा कंटाळा आला तर १९४१ चा 'शेजारी' आहेच, दोन म्हाताऱ्या मित्रांचा, एक हिंदू आणि एक मुसलमान. त्याची हिंदी आवृत्ती 'पडोसी', त्यात शांतारामांनी हिंदू म्हाताऱ्याचं काम मझहर खानांना दिलं आणि मुसलमान म्हाताऱ्याचं गजानन जागीरदारांना. आणि नव्यांपैकी 'दोघी' बघ, सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकरांचा, १९९५ चा. त्यावर मी काही लिहीत नाही. तुझं मत आधी ऐकायचंय.

बसण्याच्या रीतीत एक छोटा बदल सुचवते. ज्याने सिनेमा निवडला त्याने शेवटी बोलायचं. तुझ्या रविवारी काय झालं बघ: तुला रडू आलेलं सगळ्यांनी पाहिलं, मग त्यांना एकतर तुझ्याबरोबर रडायला हवं होतं किंवा तुझी बाजू सोडायला. निवडणारा शेवटी बोलला की बाकीच्यांना मोकळेपणी सांगता येतं. आणि प्रत्येकाने आधी एक दृश्य सांगायचं, मत नंतर. पहिल्या दोन रविवारी अवघडल्यासारखं होईल, मग अंगवळणी पडेल.

विदूषकाचं राहिलंच. "लक्ष्याने हे कशाला केलं" असं जे म्हणाले त्यांच्यावर रागावू नकोस. १९८५ च्या 'धूमधडाका'पासून लक्ष्मीकांत बेर्डे दिसला की थिएटर हसायला लागायचं, तो बोलायच्या आधीच. लोकांच्या मनात तो चेहरा आणि हसू यांची गाठ पक्की बसलेली. त्याच चेहऱ्याला घेऊन जब्बार पटेलांनी हा सिनेमा केला, पटकथा पु. ल. देशपांड्यांची. जगाला हसवणारा माणूस, आणि त्याची स्वतःची मुलगी हसत नाही. तिकीटबारीवर तो चालला नाही. २००४ साली बेर्डे गेला, जेमतेम पन्नाशीचा होता, आणि आपल्याकडे त्याच्या विनोदाच्या क्लिपा फिरत राहिल्या. तुमच्या गटातल्या त्या गृहस्थांनी जे विचारलं तोच प्रश्न सिनेमातलं जग आबुरावला विचारतं. हे त्यांना एकदा शांतपणे सांगून बघ. बहुतेक त्यांनाही परत बघावासा वाटेल.

तेव्हा कुंकूनंतर, महिना-दोन महिन्यांनी, विदूषक परत लाव. काका मध्येच उठून गेले होते असं तू लिहिलंयस. म्हणजे आबुराव आणि त्याच्या मुलीचं शेवटी काय होतं ते त्यांनी पाहिलेलंच नाही. त्यांना काही सांगू नकोस. खुर्ची त्यांची त्यांच्या जागी ठेव, चहा आधी दे आणि मग सिनेमा सुरू कर.

तुझी,
ताई